भाचीची गोष्ट, मामाची फिल्म

ताई,
मी बावीस वर्षांचा, पुण्यात ॲनिमेशनच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझी बहीण आणि दाजी गेल्या वर्षी साताऱ्याहून वाकडला राहायला आले. भाची पाच वर्षांची, सिनियर केजीत. तिथे तिला कुणी खेळायला घेत नाही. डबा खाताना ती पाण्याच्या बाटलीवरच्या हत्तीशी बोलत बसते, पहिला घास त्यालाच भरवते. तिच्या बाईंकडून हे कळल्यावर मला राहवेना. एकट्या पडणाऱ्या लहान मुलांसाठी तीन मिनिटांची फिल्म करायची, असं ठरवून शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट तोच घेतला. बाटलीवरचा हत्ती जिवंत होतो, मुलीला पाठीवर बसवून शाळाभर मिरवतो आणि मग सगळी मुलं तिच्याशी मैत्री करतात, अशी गोष्ट. राखीपौर्णिमेला सगळे जमले होते, तेव्हा कच्ची फिल्म टीव्हीवर लावली, नंतर घरच्या ग्रुपवर लिंकही टाकली. मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. बहीण मात्र उठून आत गेली. ‘माझ्या पोरीला सगळ्यांसमोर बिचारी करून टाकलंस,’ म्हणाली. तेव्हापासून धड बोलत नाही. आणि भाची रोज विचारते, माझा हत्ती कधी बाहेर येणार? माझा हेतू चांगला होता. प्रोजेक्ट सोडून देऊ का?
— एक मामा

मामा,
प्रोजेक्ट सोडू नकोस. ही गोष्ट मात्र सोड.

आधी बहिणीचं बोलू. सणाचा दिवस, ओवाळून झालेलं, घर भरलेलं, आणि भावाने टीव्हीवर लावलं काय, तर तिच्या लेकीला शाळेत कुणी विचारत नाही ते. तुला वाटलं मी एकटेपण दाखवतोय. तिला त्यात ‘आई काय करत होती?’ असं ऐकू आलं. गाव सोडून शहरात येणाऱ्या बाईला हा प्रश्न तसाही दोन्हीकडून ऐकावा लागतो, सासरहून उघड आणि माहेरहून आडून. मावशीच्या डोळ्यांतलं पाणी तुला दाद वाटली, तुझ्या बहिणीला तो निकाल वाटला असणार.

हेतू चांगला होता, कोण नाही म्हणतंय? पण गोष्ट भाचीची होती आणि ती चारचौघांत सांगायची की नाही, हे ठरवायचं होतं तिच्या आईने. तिला कुणी विचारलंच नाही. तेव्हा वाकडला जा आणि समोर बसून बोल. मेसेज लिहीत बसू नकोस, तुझा मेसेज लांबणार आणि त्यात ‘हेतू’ हा शब्द येणार. ‘तुला न विचारता लावली, चुकलं माझं’ एवढं म्हण आणि थांब. त्यावर तिने चार शब्द सुनावले तर ऐकून घे. राखी बांधून घेतली आहेस, फुकट नाही.

आता हत्ती. पाच वर्षांच्या पोरांना खरं-खोटं बऱ्यापैकी कळतं. पण तू काढलेली बाटली तिची, फ्रॉक तिचा, शाळेचं फाटकसुद्धा तिच्याच शाळेचं. इतकं सगळं खरं असताना हत्तीच तेवढा खोटा कसा, असं तिला वाटलं तर त्यात तिचं काय चुकलं? या वयात मनातले सवंगडी पुष्कळ मुलांना असतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. तुझ्या फिल्मआधी तो हत्ती तिच्या मुठीत होता, ती म्हणेल तेव्हा बोलायचा, नाहीतर गप्प बसायचा. पडद्यावर आल्यावर तो तिचा राहिला नाही, म्हणून ती वाट बघत बसली आहे. तिला सरळ सांग की फिल्ममधला हत्ती मामाने काढलाय, तो फिल्मबाहेर येत नाही. आणि मग एक जुनी वही घे, पानांच्या कोपऱ्यात तिच्याकडूनच हत्ती काढून घे, दर पानावर सोंड जराशी वर. पानं फर्रकन सोडली की सोंड हलते. हे तिला स्वतःच्या अंगठ्याने करू दे. हत्ती परत तिच्या हातात जाईल. तुझ्या तीन मिनिटांच्या फिल्मपेक्षा त्या दुपारचा तिला जास्त उपयोग होईल, असं माझं स्पष्ट मत आहे.

राहता राहिली फिल्म. मोठ्यांना रडवणं सोपं असतं रे. एक लहान मुलगी, एक रिकामा बाक, मागे व्हायोलिन, झालं काम. पण तू लिहितोस की फिल्म मुलांसाठी आहे. मग मुलाच्या जागी बसून तुझी गोष्ट बघ. हत्ती आला म्हणून मुलं हिच्याकडे आली. म्हणजे ज्याच्याकडे हत्ती नाही त्याने काय करायचं? कुणीतरी खेळायला घ्यावं म्हणून आधी जादू करून दाखवायची? एकट्या मुलाला नेमकं हेच आधीपासून वाटत असतं, की आपल्यातच काहीतरी कमी आहे.

आणखी एक भानगड असते. आपण धडा एक देतो, पोरं दुसराच घेऊन जातात. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बालवाडीच्या मुलांना कार्टूनचा एक भाग दाखवला होता. त्यात तीन पायांचा कुत्रा येतो, बाकीचे कुत्रे त्याला बिचकतात आणि शेवटी आपल्यात घेतात. करणाऱ्यांना सांगायचं होतं की वेगळ्या दिसणाऱ्या माणसांना दूर लोटू नका. मुलांना विचारलं, काय कळलं? बहुतेकांचं उत्तर कुत्र्याशीच अडलं: तीन पायांच्या कुत्र्याशी चांगलं वागावं. माणसांपर्यंत कुणी फारसं पोचलंच नाही. तुझ्या फिल्ममधून मुलं काय घेतील? मला विचारशील तर ‘हत्तीवाली बाटली आणून दे’ एवढंच.

म्हणून बदल हत्तीकडून करू नकोस, आणि एकट्या मुलीकडूनही करू नकोस. ‘तू जा, बोल, हस, मित्र कर’ हे तिला घरात उठता-बसता ऐकवलं जातंच. बदल तिसऱ्या मुलाकडून कर. खेळ रंगलाय, ही भिंतीला टेकून उभी आहे, आणि खेळणाऱ्यांतल्या एकाचं लक्ष जातं. आपल्याकडे मुलांनी स्वतःच यावर तोडगा काढून ठेवलेला आहे: ‘ये, तू कच्चा लिंबू.’ राज्य येत नाही, आऊट धरत नाहीत, पण धावायचं सगळ्यांबरोबर. मोठ्या माणसाने न शिकवता पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली सोय आहे ही. तुझ्या फिल्ममध्ये एवढंच घडू दे. सगळ्यांनी टाळ्या वाजवायची गरज नाही. वर्गभर मैत्री कुणाचीच नसते, एकाने हाक मारली तरी मुलाचा दिवस जातो. आणि बघणाऱ्या मुलांतली बरीचशी भिंतीशी उभी नसतात, खेळत असतात. करण्यासारखं काही त्यांच्याच हातात असतं, तेव्हा ते त्यांना दाखव.

तीन मिनिटं लांब होतात. एका सेकंदाला बारा चित्रं धरलीस तरी २,१६० चित्रं, आणि परीक्षेच्या आदल्या महिन्यात तुझे डोळे आत जाणार. दीड मिनिटात बसव, १,०८० होतील. वाचलेला वेळ चेहऱ्यावर घाल: डब्याचं झाकण उघडताना ती आधी इकडेतिकडे बघते, मग डब्यात. असल्या दोन क्षणांना घाई करू नकोस. स्वप्न, आठवण, मागे-पुढे उड्या नकोत, या वयाची मुलं तिथे हरवतात. निवेदकही नको. घंटा, चपलांचा आवाज, डब्याचा खटका पुरे. संवाद नसले की फिल्म नंदुरबारलाही चालते आणि न्यू जर्सीच्या मराठी शाळेतही. मुलीला भाचीसारखी ठेवू नकोस. फ्रॉक, केस, शाळा, सगळं बदल. मुलगा केलास तरी चालेल.

आणि नातेवाइकांना दाखवण्याआधी मुलांना दाखव. युनिसेफसाठी नव्वदच्या दशकात ‘मीना’ ही कार्टूनमधली मुलगी घडली, तेव्हा राममोहन यांच्यासारखा मुरलेला ॲनिमेटर हाताशी असूनही तिचं रूप स्टुडिओत परस्पर ठरलं नाही. भारत, बांगलादेश, पाकिस्तान, नेपाळमधल्या मुलांना आणि पालकांना चित्रं दाखवून, विचारून मग ती मीना झाली. तुला एवढा पसारा नको. जवळच्या अंगणवाडीत किंवा बालवाडीत बाईंना विचारून स्टोरीबोर्डची चित्रं घेऊन जा. ‘आवडलं का?’ विचारू नकोस, पोरं हो म्हणतात, विशेषतः नंतर गोळ्या वाटणार असशील तर. ‘आता ही काय करेल?’ असं विचार आणि गप्प बस.

मूळ दुखणं फिल्मने जाणार नाही, हे तुलाही माहीत असेल. ते बहिणीने करायचं आहे, तूही हातभार लाव. वर्गातल्या एकाच मुलीला शनिवारी घरी बोलवा, चारजणींना नको. बाईंना सांगून दोघींना डब्याच्या वेळी शेजारी बसवता येतं का बघा. आणि रोज सकाळी शाळेच्या वेळेला पोट दुखणं, बंद झालेलं अंथरूण ओलं होणं पुन्हा सुरू होणं, असं काही आठवडे चालू राहिलं तर मुलांच्या डॉक्टरांना दाखवा. मग मात्र ‘होईल सवय’ म्हणून बसू नका.

आणि हो, घरच्या ग्रुपवरची लिंक बहिणीकडे जायच्या आधी काढ. मावशीने विचारलं तर सांग, नवी करतोय, त्यात हत्ती नाही.