दात आंबलेत की झिजलेत?

प्रश्न : माझं वय ४१. वजन उतरावं म्हणून गेले आठ महिने सकाळी उठल्या उठल्या दोन लिंबं कोमट पाण्यात पिळून घेते. ऑफिसात टेबलावर लिंबाच्या चकत्या घातलेली पाण्याची बाटली असते, ती संध्याकाळपर्यंत पुरते. रात्री जेवणावर दोन संत्री, शिवाय व्हिटॅमिन सीची १००० मिलिग्रॅमची पाण्यात विरघळणारी गोळी. महिन्याभरापासून गार पाणी लागलं की पुढच्या दातांतून कळ जाते. रात्री आडवी झाले की छातीत जळजळतं, घशाशी आंबट येतं. फळांनीही अपाय होतो का? दातांची हेळसांड म्हणाल तर ती अजिबात नाही. लिंबूपाणी झालं की मी लगेच ब्रश करते.

उत्तर : आंबट खाल्लं की दात आंबतात, आणि तासाभरात पूर्ववत होतात. तुमचे आंबलेले नाहीत, झिजलेत, असं पत्रावरून वाटतं. शेवटचं वाक्य तुम्ही शाबासकीसाठी लिहिलं असावं, पण माझं बोट नेमकं तिथेच अडकलं.

दाताचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. आम्लापुढे मात्र त्याचं काही चालत नाही. तोंडातला पीएच (आंबटपणा मोजायचं माप; आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली उतरला की त्यातली खनिजं विरघळू लागतात. लिंबाच्या रसाचा पीएच २ ते ३ च्या दरम्यान असतो. "पण मी पाण्यात पिळते ना," असं म्हणाल. सायट्रिक आम्लाची गंमत अशी, की रसात दसपट पाणी घातलं तरी पीएच जेमतेम अर्ध्या अंकाने चढतो. पातळ रस लाळेला लवकर आवरता येतो, एवढा फायदा खरा. लाळ हे काम इमानेइतबारे करते, फक्त तिला अर्धा-पाऊण तास उसंत हवी. तुमची बाटली तिला ती मिळू देत नाही. दर दहा मिनिटांनी एक घोट, की बिचारीची पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्यापेक्षा अख्खा ग्लास एका दमात पिऊन मोकळी होणारी बाई बरी. आणि आम्लाने मऊ पडलेल्या कवचावर लगेच ब्रश म्हणजे ओल्या गिलाव्यावर खराटा.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. शिकत असताना रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून मी लिंबाच्या फोडी चोखत बसायचे. दोनेक वर्षांनी दातांची डॉक्टर असलेल्या मैत्रिणीने माझ्या हातात आरसा दिला. खालच्या दाढेत भरलेली चांदी आजूबाजूच्या दातापेक्षा वर आलेली दिसत होती. मी म्हटलं, "चांदी सुटत चाललीय वाटतं." ती म्हणाली, "चांदी जागेवरच आहे. दाढ खाली गेलीय." इनॅमल पुन्हा उगवत नाही. ती दाढ आजही तशीच आहे, जीभ लागली की आठवण होते.

तुम्हीही उजेडात आरसा धरून बघा. पुढच्या दातांच्या कडा काचेसारख्या आरपार दिसतात का? दात पिवळट झालेत का? तो पिवळेपणा डाग नसतो, कवच पातळ झाल्यामुळे आतला पिवळसर थर, म्हणजे डेंटिन, दिसायला लागतं. तेव्हा दात पांढरे करून घेण्याच्या भानगडीत आत्ता पडू नका.

बाटलीतल्या चकत्या आजच काढा. लिंबूपाणी हवंच असेल तर दिवसातून एकदा, अर्ध्या लिंबाचं, जेवणाबरोबर, न रेंगाळता. वर साध्या पाण्याने चूळ भरा. ब्रश त्याच्या आधी करा, नाहीतर तासाभराने. मऊ ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट. आणि दंतवैद्याकडे जाऊन या. वजनाचं म्हणाल, तर लिंबाने चरबी वितळत नाही. त्या ग्लासातलं जे काही काम होतं, ते पाणी करतं.

जळजळीचं कारण तुमच्या रात्रीच्या संत्र्यांत असण्याची शक्यता मोठी. जठरातलं आम्ल वर येऊन अन्ननलिकेला आधीच खाज-आग सुटली असेल, तर संत्र्याचं आम्ल तिला आणखी झोंबतं. "लिंबू पोटात गेल्यावर अल्कधर्मी होतं" हा युक्तिवाद मला आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळतो. होत असेल बाई, पण घशातून उतरताना ते आम्लच असतं. संत्री दुपारी खा, रात्रीचं जेवण आणि आडवं होणं यांत तीन तास जाऊ द्या. दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर डॉक्टरांना दाखवा. घास अडकायला लागला किंवा शौचाला काळं झालं तर इतकेही थांबू नका.

आता ती गोळी. मोठ्या माणसाला दिवसाला व्हिटॅमिन सी लागतं ६५ ते ९० मिलिग्रॅम, आणि एका मोठ्या संत्र्यात साधारण ७० असतं. २००० ही वरची मर्यादा मानतात. फळांतून ती गाठायची तर पंचवीस-तीस संत्री खावी लागतील, जे कोणी करत नाही. गोळ्यांनी मात्र दोन घोटांत गाठता येते. जास्तीच्या सीचा काही भाग शरीरात ऑक्झलेट होतो आणि लघवीतून जातो; बरेचसे मूतखडे याच ऑक्झलेटचे बनतात. मोठ्या डोसच्या गोळ्या रोज घेणाऱ्या पुरुषांत मूतखडे जास्त आढळले आहेत. उलट, लिंबातलं सायट्रेट खडा धरू देत नाही. म्हणजे लिंबू खड्याविरुद्ध आणि गोळी खड्याच्या बाजूने, आणि तुम्ही दोन्ही घेताय! गोळी बंद करा. शिवाय पाण्यात फसफसणारी ती गोळीही आंबटच असते, दातांना त्यात सुट्टी नाही.

प्रश्न : माझे बाबा ६८ वर्षांचे आहेत. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन, कोलेस्टेरॉलसाठी अॅटोर्वास्टॅटिन घेतात. क्रिएटिनिन किंचित जास्त आहे. मधुमेह काठावर. सकाळ-संध्याकाळ मोठा ग्लास संत्र्याचा रस आणि हल्ली रोज अर्धं पपनस असं त्यांचं चालतं. "फळच तर आहे" म्हणतात. परवा घरच्या मशीनवर साखर २९० आली, तासाभरात १३५. असं कसं?

उत्तर : आधी सोपं. बाबांनी बोट टोचण्यापूर्वी संत्रं सोललं होतं का, विचारा. बोटावर राहिलेली फळाची साखर रक्ताच्या थेंबात मिसळते आणि मशीन भलताच आकडा दाखवतं. स्पिरिटच्या बोळ्याने ती नीट निघत नाही. हात पाण्याने धुवायचे, कोरडे करायचे, मगच टोचायचं. तसं काही झालं नसेल, तर मात्र साखर तपासून घ्या.

रसाचं कोडं पोटॅशियमचं आहे. एका ग्लास रसात साडेचारशे-पाचशे मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. धडधाकट मूत्रपिंडं ते सहज बाहेर टाकतात. क्रिएटिनिन किंचित जास्त आहे, म्हणजे बाबांची थोडी थकलेली असावीत, त्यात टेल्मिसार्टन पोटॅशियम अडवून धरतं. ते वाढलं तर फारशी लक्षणं न दाखवता थेट हृदयाचे ठोके बिघडवू शकतं, म्हणून मी त्याला भिते. रक्तातलं पोटॅशियम या आठवड्यात तपासा आणि तोवर रस थांबवा. एका ग्लासात तीन-चार संत्र्यांची वीसेक ग्रॅम साखर जाते, चोथा मात्र फेकला जातो, हेही त्यांना सांगा. अख्खं संत्रं किती चालेल, ते रिपोर्ट पाहून डॉक्टर ठरवतील.

पपनस हा ग्रेपफ्रूटचा जवळचा नातलग. १९८९ साली कॅनडातल्या डेव्हिड बेली यांच्या गटाने फेलोडिपिन हे रक्तदाबाचं औषध आणि दारू यांचा एकत्र परिणाम तपासताना दारूची चव लपवायला ग्रेपफ्रूटचा रस वापरला. रक्तातलं औषध अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त भरलं, आणि गुन्हेगार निघाला रस. त्यातली फ्युरानोकौमरिन्स नावाची द्रव्यं आतड्यातलं औषध मोडणारं एन्झाइम बंद पाडतात. पपनसातही ती असतात. अॅटोर्वास्टॅटिन त्याच एन्झाइमच्या हाताखालचं, त्यामुळे त्याचं प्रमाण चढू शकतं आणि स्नायू दुखू लागतात. बाबांच्या मांड्या, पिंढऱ्या विनाकारण दुखतात का? लघवीचा रंग गडद झाला का? तसं असेल तर आजच डॉक्टरांना फोन करा. सकाळी पपनस, रात्री गोळी अशी वाटणी करून भागत नाही; परिणाम दिवसभर, कधी त्याहून जास्त टिकतो. गोळी मनाने बंद करू नका, पपनस बंद करा. नेहमीच्या गोड संत्र्यांची ही भीती नाही.

प्रश्न : मुलगी चार वर्षांची. महिनाभर संत्र्यांशिवाय दुसरं फळ खात नाही, दिवसाला पाच-सहा. तिचे तळहात-तळपाय पिवळे पडलेत. सासूबाई म्हणतात कावीळ. मला वाटतं त्यांना उगाच भीती.

उत्तर : खिडकीशी नेऊन तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग बघा. स्वच्छ पांढरा असेल, लघवी नेहमीसारखी असेल आणि पोरगी हुंदडत असेल, तर हा संत्र्यातल्या रंगद्रव्याचा पराक्रम. फळं बदला, काही आठवड्यांत रंग उतरेल. डोळेही पिवळे दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर. सासूबाईंना उगाच घाबरट ठरवू नका. तळवे आधी त्यांनीच पाहिले ना?