‘अल्पाइन करंट’ला डोंगरी करवंद म्हणावं का?

प्रश्न पुण्याच्या एका भाषांतरकाराचा आहे : युरोपातल्या पहाडी झुडपांवरच्या मजकुरात ‘अल्पाइन करंट’ आलंय, तिथे ‘डोंगरी करवंद’ लिहू की ‘रानमनुका’?

दोन्ही नको. करवंद म्हणजे संस्कृतातलं करमर्द. सिंहगडाच्या वाटेवर द्रोणात मिळतं ते. त्याची जाळी काटेरी, फांदी मोडली की पांढरा चीक येतो. करंटच्या झुडपाला चीक नाही, काटेही नाहीत. त्याचा वंश रायबीस, कूळच वेगळं. ‘करवंद’ आणि ‘करंट’ कानाला जवळचे वाटतात, नातं मात्र काही नाही.

मनुकेचा घोळ जास्त गमतीचा आहे, कारण तो मुळात इंग्रजांनीच घातला. ग्रीसमधल्या कॉरिंथ बंदरातून येणाऱ्या बारीक, बिनबियांच्या सुक्या द्राक्षांना ‘कॉरिंथची मनुका’ म्हणत. त्यातल्या गावाच्या नावाचं झालं करंट. सोळाव्या शतकात रायबीसची घोसाने लागणारी बारीक फळं तशीच दिसतात म्हणून त्यांनाही तेच नाव चिकटलं. म्हणून केकच्या कृतीत ‘करंट्स’ दिसले की बहुतेक वेळा बारीक काळे बेदाणे समजावेत; झुडूप, पान, फूल यांचा उल्लेख असेल तर रायबीस. मंडईजवळ ‘ब्लॅक करंट’ म्हणून सुटा मिळणारा मालही बरेचदा काळी मनुकाच असते. दाणा कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून पाहा : रायबीसच्या फळाला देठाच्या विरुद्ध टोकाला सुकलेल्या फुलाची शेंडी असते, द्राक्षाला नसते. (‘गूजबेरी’ला सरसकट ‘आवळा’ लिहिणं हीही याच जातीची चूक. ती रायबीसचीच काटेरी बहीण.)

मराठीत याला घरचं नाव नाही, कारण झाड इथे होतच नाही. त्याला हिवाळ्यात दीर्घ कडक थंडी लागते, पुण्याची गुलाबी थंडी पुरत नाही. हिमालयात मात्र रायबीसच्या काही रानटी जाती आहेत.

तेव्हा पहिल्या उल्लेखात ‘अल्पाइन करंट (रायबीस अल्पिनम), लाल फळांचं पहाडी झुडूप’ असं लिहा, पुढे नुसतं ‘करंटचं झुडूप’. ‘झुडूप’ किंवा ‘फळ’ सोडू नका. ‘डोंगरात करंट सापडला’ वाचून माणूस महावितरणला फोन करायचा. आणखी एक : या जातीत नर-मादी झुडपं वेगळी असतात, नराला फळ धरत नाही. मूळ मजकुरात ‘मेल प्लँट’ असेल तर ‘नर झुडूप’ लिहा, ‘वांझ’ नव्हे.