ऑस्ट्रेलियाच्या आउटबॅकमध्ये, म्हणजे आतल्या कोरड्या, विरळ वस्तीच्या भागात, पूर्ण अंशांच्या अक्षांश-रेखांश छेदबिंदूपर्यंत चालत जायचं तर काय तयारी लागते?

मे ते ऑगस्टमध्येच जा, उन्हाळ्यात ४५ डिग्रीत तिथे चालणं म्हणजे जिवाशी खेळ. जीपीएसमध्ये डेटम (अक्षांश-रेखांश मोजायची आधारपद्धत) डब्ल्यूजीएस८४ आहे का ते आधी बघा, कारण तिकडचे जुने कागदी नकाशे एजीडी६६ या जुन्या ऑस्ट्रेलियन डेटमवर आहेत आणि दोन्हीत जवळपास २०० मीटरचा फरक पडतो. गाडी सोडायच्या आधी गाडीचाच पॉइंट सेव्ह करा, ते सगळ्यात महत्त्वाचं, कारण लाल वाळूच्या टेकड्या आणि मल्गाची झुडपं चहूकडे सारखीच दिसतात आणि परत येताना दिशाच कळत नाही.

स्पिनिफेक्स गवत लांबून मऊ वाटतं पण त्याची टोकं सुईसारखी, पॅन्टमधून आरपार जाऊन कातडीत मोडतात, त्यामुळे गेटर्स (पोटरीवर बांधायची जाड कापडी आवरणं) घालाच. जीपीएसच्या बाणाच्या रेषेत सरळ चालायचा हट्ट नको, झुपक्यांना वळसे घालत जा.

पाणी वाटेत मिळेल असं धरूच नका. मोबाईलला रेंज नसते म्हणून पीएलबी (संकटात उपग्रहामार्फत मदतीचा संदेश पाठवणारं छोटं यंत्र) किंवा सॅटेलाइट फोन हवाच, आणि गाडी बंद पडली तर कृपा करून तिला सोडून चालत निघू नका, विमानातून माणसापेक्षा गाडी लवकर दिसते.

जमीन आदिवासींची असेल तर परमिट आधी काढा, गुरांचं खासगी स्टेशन (म्हणजे मोठं पशुपालन फार्म) असेल तर मालकाला विचारा.