थर्टी-थर्टी घेण्याआधी

चि. पोरीस अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा रात्री तू पाठवलेली यादी बघितली. चार रायफली, दोन दुर्बिणी आणि दांडा ओढला की दर खेपेला एक तयार काडतूस बाहेर टाकणारं प्रोग्रेसिव्ह प्रेस. एका शनिवारी माझ्या जुन्या थर्टी-थर्टी रायफलीनं वीस गोळ्या मारल्यास काय, आणि एवढी यादी! रागावलेलो नाही. माझीही यादी अशीच होती. तेव्हा खिशात पैसे नव्हते म्हणून वाचलो.

सगळं खोड. एक लिव्हर-अ‍ॅक्शन ठेव, म्हणजे खालचा दांडा हलवून गोळी भरायची रायफल, थर्टी-थर्टी काडतुसाची, आणि निदान पाच वर्षं दुसरीकडे बघू नकोस.

ही रायफल मुळात घाईसाठी जन्मली. १८६० च्या हेन्री रायफलीपासून तिचा सगळा दिमाख हाच, की खांद्यावरून न उतरवता दांडा खाली-वर केला की पुढची गोळी तयार. आणि गंमत म्हणजे ज्यांनी तिच्याबरोबर आयुष्य काढलं, ती रेंजवरची सगळी म्हातारी माणसं कमालीची संथ आहेत. तासाभरात पंधरा-वीस गोळ्या, मध्ये थर्मासमधली कॉफी, वहीत दोन ओळी. मला हे कळायला बरीच वर्षं आणि बरंच पितळ लागलं.

थर्टी-थर्टीच का? जॉन ब्राउनिंगनं आखलेली विंचेस्टर १८९४ साली आली, आणि पुढच्याच वर्षी तिच्यासाठी हे काडतूस निघालं. काळ्या दारूऐवजी बिनधुराच्या दारूवर बेतलेलं अमेरिकेतलं हे पहिलं शिकारी काडतूस. नावातलं पहिलं तीस म्हणजे इंचाचे तीस शतांश, नळीच्या भोकाचं ढोबळ माप. दुसरं तीस म्हणजे त्या काळची तीस ग्रेन दारू (ग्रेन हे वजनाचं माप, त्याबद्दल पुढे). तो आकडा इतिहासातला आहे. आज डब्यात मिळणाऱ्या कुठल्याही दारूला तो लावायचा नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. धक्का माफक, केसेस, म्हणजे काडतुसांची पितळी नळकांडी, सहज मिळतात, आणि सव्वाशे वर्षांत त्याच्याबद्दल लिहायचं बहुतेक सगळं लिहून झालंय, त्यामुळे नवशिक्याला अंधारात चाचपडावं लागत नाही.

मी स्वतः विंचेस्टर वापरतो, पण तुला मार्लिन ३३६ घे म्हणेन. हे मॉडेल १९४८ सालचं. दांड्याचा एक स्क्रू काढला की दांडा सुटतो, बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता तुकडा, मागे सरकून हातात येतो, आणि नळी मागच्या बाजूनं साफ करता येते. माझ्या रायफलीत मला पुढून, नळीच्या तोंडातून सळई घालावी लागते, आणि दर वेळी तोंडाची कड घासली जाईल या धास्तीनं जीव खालीवर होतो. शिवाय मार्लिनमधून रिकामी केस बाजूनं उडते. चाळिशीनंतर दुर्बीण लावायची वेळ आलीच, तर वर जागा मोकळी असेल. तोवर उघड्या माशीवरच शिक. दुर्बिणी यादीतून का खोडल्या, ते वर्षभरानं तूच मला सांगशील.

खरेदीच्या भानगडीत एक गोष्ट. तुझं ग्रीन कार्ड आलंय, त्यामुळे दुकानात फॉर्म भरून, पार्श्वभूमीची तपासणी होऊन तुला रायफल मिळेल. तुझ्या मैत्रिणीची गोष्ट वेगळी. ती अजून व्हिसावर आहे. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला इथला फेडरल कायदा बंदूकही बाळगू देत नाही आणि काडतूसही. शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारून ठरवायचे, रेंजवरच्या कुणाच्या सांगण्यावरून नाही. तिला सोबत आणायचं असेल तर आधी ते होऊ दे.

आता भरणीकडे, म्हणजे उडालेल्या केसेस घरी पुन्हा भरण्याकडे येतो, कारण तुझे खरे प्रश्न तिथेच होते.

आमच्या आजोबांकडे कोकणात ठासणीची बंदूक होती. शेतीसंरक्षणाचा परवाना, रानडुकरांसाठी. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि निकालानंतर परत यायची. वर्षभरात तिचा आवाज मोजक्या वेळा व्हायचा. पण दारू मोजताना आजोबा ओसरीवरच्या सगळ्यांना गप्प करायचे, आजीलासुद्धा. आम्हा पोरांना ते नाटक वाटायचं. आज माझ्या गॅरेजमध्ये मी तेच नाटक करतो.

इथे सगळं वजन ग्रेनमध्ये. तुला तो शब्द परका वाटला, पण तुझ्या पणजीला वाटला नसता. १८३३ साली कंपनी सरकारनं तोळा ठरवला तो १८० ग्रेनचा. ९६ गुंजांचा तोळा, म्हणजे सोनाराची एक गुंज जवळजवळ दोन ग्रेनची. थर्टी-थर्टीची नेहमीची जड गोळी १७० ग्रेनची असते, तोळ्याला फक्त दहा ग्रेन कमी. आणि काट्यावर आपण जो दशांश ग्रेन बघतो, तो गुंजेचा जवळजवळ विसावा भाग. सोनार ज्या नजरेनं काट्याकडे बघतो त्या नजरेनं बघ. पंखा बंद ठेव. दर बैठकीच्या सुरुवातीला ठरलेल्या वजनाचा तुकडा ठेवून काटा खरं बोलतोय का ते तपास.

प्रेस साधं घे, एका वेळी एकच काम करणारं. प्रोग्रेसिव्ह प्रेसमध्ये चार-पाच कामं एकाच दांड्यावर होतात, आणि नवशिक्याचं लक्ष चारही ठिकाणी असू शकत नाही. साध्या प्रेसवर पन्नास केसेस हातातून चार-पाच वेळा जातात. कंटाळा येतो. पण त्या प्रत्येक खेपेला केस तुझ्या बोटांखालून जाते, आणि बोटांना जे कळतं ते डोळ्यांना कळत नाही.

लिव्हर-अ‍ॅक्शनच्या केसेसचं दुखणं निराळं आहे, ते समजून घे. बोल्ट-अ‍ॅक्शनमध्ये बोल्टाचे खिळे बहुतेक वेळा पुढे, केसच्या बुडाशीच अडकतात. आपल्या रायफलींत बोल्ट मागून अडतो. बार उडाला की मधलं लोखंड किंचित दबतं, तेवढी केस लांबते. वरून दिसत नाही, पण बुडाच्या जरा वर, आतून, पितळ पातळ होत जातं. अशी केस पुन्हापुन्हा भरली तर एक दिवस तिचं बूड बाहेर येतं आणि धड नळीतच राहतं. म्हणून पेपरक्लिप सरळ कर, टोक जरासं वाकव, केसच्या आतून बुडाकडून वर ओढ. टोक कुठे खाचेत अडखळलं की ती केस चिमट्यानं चेचून भंगारात. नुसती टाकू नकोस, चेच, नाहीतर पुढच्या महिन्यात तूच ती उचलशील.

पुढे तेच लांबणं क्रिम्पमध्ये, म्हणजे केसचं तोंड गोळीवर दुमडताना, त्रास देतं. आपली मॅगझिन म्हणजे नळीखालची नळी. काडतुसं एकामागे एक आडवी, मागून स्प्रिंगचा रेटा, वर प्रत्येक धक्क्याचा हिसका. गोळी केसच्या तोंडात घट्ट धरलेली नसेल तर आत ढकलली जाते, आणि आत गेलेली गोळी म्हणजे वाढलेला दाब. त्यामुळे केसचं तोंड गोळीवरच्या खाचेत दुमडायचं. पन्नास केसेस पन्नास लांबीच्या असतील तर दुमड एकीला सैल, दुसरीला इतकी जास्त की खांदा फुगून काडतूस नळीत शिरणारच नाही. आधी सगळ्या एका लांबीला काप. थर्टी-थर्टीची कमाल लांबी २.०३९ इंच, मी दहा हजारांश कमी ठेवतो. आणि केस दर वेळी पूर्ण डायमधून, म्हणजे तिला दाबून मूळ आकारात आणणाऱ्या साच्यातून, काढ. नुसती मान दाबून काम चालवायची युक्ती बोल्टवाल्यांची, त्यांच्या बोल्टाला रेटून बसवायची ताकद असते. आपल्या दांड्याला नसते.

त्याच मॅगझिनमुळे गोळीचं नाक चपटं हवं. टोकदार गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर, म्हणजे बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीवर, टेकतं, आणि धक्क्यानं तो पेटला तर तुझा डावा हात नेमका तिथेच असतो. रबरासारख्या मऊ टोकाच्या गोळ्या आता मिळतात, त्या याच कामासाठी बनवलेल्या आहेत. बाकी टोकदार काहीही, कितीही स्वस्त मिळालं तरी, नको.

दारूचा आकडा मी पत्रात लिहिणार नाही. मागू नकोस. दारूच्या कंपनीचं चालू वर्षाचं पुस्तक घे, त्यातला सुरुवातीचा आकडा घे, तिथून थोडं थोडं वर जा, आणि केस अडकायला लागली किंवा प्रायमर सपाट दिसायला लागला की मागे फिर. एवढंच सांगतो, की दारू अशी निवड की एका मापानं केस अर्ध्याहून बरीच वर भरेल. मग चुकून दोनदा ओतलीस तरी ती बाहेर सांडेल आणि चूक दिसेल. पिस्तुलाची दारू चिमूटभर लागते म्हणून स्वस्त पडते, पण तिची दोन मापं केसमध्ये निमूट मावतात. तीच भीती. टेबलावर एका वेळी एकच डबा. उरलेली दारू त्याच डब्यात परत, लगेच. बिनलेबलच्या बाटलीत काय आहे हे तुला नक्की आठवत असलं तरी बागेत ओत.

माझी चूकही ऐक. रविवारी सकाळी गावी फोन असायचा, तिकडची रात्र. फोन खांद्याला लावून मी दारू भरत होतो. पुढच्या आठवड्यात रेंजवर सातव्या बाराला धाड असा आवाज आलाच नाही. नुसतं फुस्स. हात सवयीनं दांड्याकडे गेला, केस उडाली, नवं काडतूस वर आलं. शेजारच्या बाकावरचे आजोबा जोरात ओरडले, "थांब!" त्या एका केसमध्ये दारूच नव्हती. नुसत्या प्रायमरनं गोळी नळीत ढकलली आणि ती तिथेच बसली होती. मागून दुसरी सोडली असती तर नळी फुगली असती, कदाचित फाटली असती. घाईसाठी बनवलेल्या रायफलीत ही खोड मुरलेली आहे: हात डोक्याच्या आधी पोचतो. तेव्हापासून फोन स्वयंपाकघरात राहतो, आणि गोळ्या बसवण्याआधी पन्नासही केसेस ठोकळ्यात उभ्या करून बॅटरीच्या उजेडात आत बघतो. आवाज वेगळा आला की तोंड लक्ष्याकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबायचं, रिकामी करायची, नळीतून आरपार दिसतंय का ते पाहायचं.

घोड्याबद्दल, म्हणजे मागच्या हातोडीबद्दल, तुला रेंजवर सांगितलं, पुन्हा सांगतो. चढलेला घोडा अंगठ्यानं उतरवताना अंगठा निसटतो. थंडीत तर हमखास. नळीचं तोंड कुठे आहे हे आधी, अंगठा मग.

शिशाकडे दुर्लक्ष करू नकोस. प्रायमरच्या धुरात ते असतं, केसेस घासायच्या यंत्राच्या धुळीतही. तिथे खायचं-प्यायचं नाही, नंतर हात साबणानं गार पाण्यात, आणि वर्षातून एकदा रक्तातलं शिसं तपासून घे. स्वतः गोळ्या ओतायचं आत्ता मनातही आणू नकोस.

नेमबाजीला स्पर्धा हवी असेल तर धातूच्या आकृत्यांची कर. हा खेळ मेक्सिकोतून आला. लिव्हर-अ‍ॅक्शनसाठी कोंबडी ५० मीटरवर, डुक्कर १०० वर, टर्की १५० वर, मेंढा २०० वर. उभ्यानं मारायचं, टेकू नाही, दुर्बीण नाही. १०० यार्डांवर बसवलेली आपली १७० ग्रेनची गोळी २०० पर्यंत जवळजवळ वीतभर खाली येते. ती वीत तुझ्या वहीत तुझ्या हातानं मोजलेली हवी, पुस्तकातली नको. लागला तर मेंढा जरा विचार करतो आणि मग पडतो, आणि टणत्कार कानापर्यंत जरा उशिरा पोचतो. राटनला, न्यू मेक्सिकोत, व्हिटिंग्टन सेंटर या नेमबाजी केंद्राच्या माळावर हे एकदा तरी बघ. उभ्यानं मारायची तालीम घरी कर: खोट्या काडतुसांवर, खरी दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवून, रोज दहा मिनिटं. स्वप्नील कुसाळेला पॅरिसमध्ये २०२४ साली कांस्य मिळालं त्यात उभ्यानं मारायची फेरी असते, तिचा व्हिडिओ लावून बघ. त्याचं श्वास सोडणं बघ, गुण नको.

आणि दिवाळीला घरी जाणार आहेस ना? रेंजची बॅग आणि जॅकेट प्रवासाला न्यायचंच नाही. मी एकदा सूटकेस भरताना जॅकेटचा आतला खिसा चाचपला आणि एक भरलेलं काडतूस हाताला लागलं. मुंबईला विमानतळावर ते निघालं असतं तर आर्म्स अ‍ॅक्टखाली गुन्हा, आणि आठवड्याची सुट्टी कोर्टात. चुकून राहिलं हे खरं असतं, पण तिथे कोण ऐकतंय.

येत्या शनिवारी सकाळी ये. प्रेस माझंच वापर, विकत घ्यायची घाई नाही. साधी दोनशे पानी वही आण, स्पायरल नको, पानं फाटतात. पन्नास केसेस धुऊन टेबलावर ठेवल्यात, शेजारी पेपरक्लिप. त्यांत काही बाद आहेत, मी मुद्दाम मिसळल्यात. किती ते सांगत नाही. त्या सगळ्या वेगळ्या काढ, मग दारूचा डबा उघडू.

तुझा,
काका