वर्ग कोणता, हे बडोद्यातून ठरवून येऊ नका

ताई,

तुमचे यजमान पुढच्या वर्षी नोकरीनिमित्त अमेरिकेत न्यू जर्सीला येणार आहेत, आणि तुमच्या सात वर्षांच्या स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलासाठी येथे सर्वसाधारण वर्गाचा आग्रह धरावा की विशेष गरजा असलेल्या मुलांच्या वेगळ्या वर्गाचा, असे तुम्ही विचारले आहे. मीही बडोद्याच्या दांडिया बाजारातूनच येथे आले. तेव्हा माझा मुलगा सहा वर्षांचा होता आणि काही झाले तरी त्याला सर्वसाधारण वर्गातच बसवायचे, हे मी निघण्याआधीच पक्के केले होते. बडोद्यात दोन शाळांनी त्याला प्रवेश नाकारला होता, त्यामुळे वेगळा वर्ग म्हणजे त्याला पुन्हा दाराबाहेर उभे करणे, असे माझ्या मनाने घेतले होते.

येथील शाळेने माझा आग्रह मानला. दीड वर्षाने एकदा त्याला लवकर घरी न्यायला गेले असता मी दाराच्या काचेतून आत पाहिले. सगळी मुले गालिच्यावर बाईंभोवती बसून गोष्ट ऐकत होती, आणि माझा मुलगा मागच्या भिंतीशी, त्यांच्याकडे पाठ करून, मदतनीस बाईंबरोबर ठोकळे रंगांप्रमाणे लावत होता. त्या बाईंखेरीज दिवसभरात त्याच्याशी फारसे कोणी बोलत नाही, हे मला विचारपूस केल्यावर कळले. ते दीड वर्ष मी माझ्या हट्टापायी घालवले, याचे मला आजही फार वाईट वाटते.

म्हणून माझे सांगणे असे की, निवड या दोन खोल्यांमधलीच आहे असे समजू नका. १९७५ साली झालेल्या आणि आज ‘आयडिया’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकेच्या संघराज्य कायद्यानुसार मुलाला शक्य तितके इतर मुलांबरोबर शिकवावे लागते, आणि जादा मदत देऊनही ते साधत नसेल तरच त्याला वेगळे काढता येते. कोणत्या विषयाला किती मदत आणि ती कोठे, हे त्याच्या ‘आयईपी’त, म्हणजे वैयक्तिक शिक्षण आराखड्यात लिहिलेले असते, आणि निदान वर्षातून एकदा ते पुन्हा तपासले जाते. त्याच वर्गात विशेष शिक्षिका जोडीला असणे, एखाद्या विषयापुरते रिसोर्स रूममध्ये, म्हणजे विशेष मदतीच्या खोलीत जाणे, छोटा स्वतंत्र वर्ग, आणि गरज ठरल्यास सरकारी खर्चाने वेगळी शाळा, असे कितीतरी टप्पे मध्ये आहेत. माझा मुलगा आता गणित आणि भाषा छोट्या वर्गात शिकतो. विज्ञान, चित्रकला, खेळ आणि जेवणाची सुट्टी सर्वांबरोबर असते. जेवताना त्याच्याशेजारी रोज तोच एक मुलगा बसतो.

सरकारी शाळेतील या सेवांना पैसे पडत नाहीत आणि व्हिसा कोणता आहे याचा त्यांच्याशी संबंध नसतो. शाळा मात्र पत्त्यावरून ठरते, म्हणून घर भाड्याने घेण्यापूर्वी तेथील स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे शाळांच्या विभागात, कोणकोणते वर्ग आहेत याची चौकशी करा. मुलाला विशेष शिक्षणाची गरज आहे का, हे ठरवणाऱ्या मूल्यमापनाची मागणी लेखीच द्या, कारण मुदत तेव्हापासून मोजली जाते : न्यू जर्सीत वीस दिवसांच्या आत ‘चाइल्ड स्टडी टीम’ची, म्हणजे शाळेच्या तज्ज्ञांच्या गटाची बैठक घ्यावी लागते, आणि तुम्ही मूल्यमापनाला संमती दिल्यापासून नव्वद दिवसांत, मूल पात्र ठरल्यास, आराखडा अमलात यावा लागतो. पहिला आराखडा तुमच्या लेखी संमतीशिवाय लागू होत नाही. तो घरी आणा, दोघांनी शांतपणे वाचा, मगच सही करा.

घरी मराठी, गल्लीत गुजराती आणि शाळेत इंग्रजी ऐकणाऱ्या आपल्या मुलांची चाचणी केवळ इंग्रजीत घेतली तर निष्कर्ष चुकू शकतो. मुलाच्या भाषेत चाचणी आणि बैठकीत तुमच्यासाठी दुभाषी मागण्याचा तुम्हाला अधिकार आहे. बडोद्यातील वाचा-उपचार आणि ऑक्युपेशनल थेरपीचे सगळे अहवाल इंग्रजीत करून आणा. त्यांच्यासोबत एक कागद स्वतःच्या हाताने लिहा : तो एका जागी किती वेळ बसतो, कोणत्या आवाजाने घाबरतो, भूक लागली की ते कसे आणि कोणत्या भाषेत सांगतो. आमच्या पहिल्या बैठकीत मला हेच विचारले गेले होते, आणि मी सारा वेळ सर्वसाधारण वर्गाबद्दलच बोलत राहिले.