मेहुण्याची निविदा आणि खरेदी समितीवरचं तुमचं नाव

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. केंद्र सरकारच्या कार्यालयात आहात, खरेदी समितीवर पहिल्यांदाच नाव आलंय, निविदा भरणाऱ्यांत बायकोच्या भावाची फर्म आहे आणि त्या फर्मला तुम्ही दोन वर्षांपूर्वी 3 लाख रुपये व्याजाने दिलेत. नियमातल्या ‘कुटुंबा’त मेहुणा बसत नाही, तेव्हा बैठकीच्या दिवशी रजा टाकली की झालं का, असं विचारताय. नाही, तेवढ्याने भागणार नाही. आणि अडचण मेहुण्यापेक्षा त्या 3 लाखांची जास्त आहे.

व्याख्या तुम्ही बरोबर वाचलीत. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1964 मध्ये कुटुंब म्हणजे पती किंवा पत्नी, अवलंबून असलेली मुलं आणि पूर्णपणे तुमच्यावर अवलंबून असलेले रक्ताचे वा लग्नाच्या नात्यातले लोक. स्वतःचा धंदा सांभाळणारा मेहुणा त्यात येत नाही. पण एक गोष्ट आधी घरी विचारून घ्या: त्या फर्ममध्ये बायकोचं नाव तर नाही ना? घरच्या फर्ममध्ये बहिणीची सही घेऊन तिला भागीदार करून ठेवलेलं असतं आणि पुढे कुणाच्या लक्षातही राहत नाही. तसं निघालं तर नियम 4(3) थेट लागू होतो. ते प्रकरण तुम्ही हाताळायचंच नाही, वरिष्ठांकडे पाठवायचं आणि ते सांगतील तसं पुढे जायचं. शिवाय कुटुंबातलं कुणी व्यापारात असेल तर 15(3) प्रमाणे ते सरकारला कळवणं भाग आहे, मग समितीवर असा वा नसा.

आता पैशांचं. नियम 16(4) म्हणतो की ज्यांच्याशी कार्यालयीन कामाचा संबंध येण्याची शक्यता आहे अशा व्यक्तीशी किंवा फर्मशी पैशांची देवघेव करायची नाही, आणि व्याजाने तर कुणालाच द्यायचे नाहीत. नातेवाइकाला किंवा मित्राला तात्पुरती, छोटी, बिनव्याजी रक्कम देता येते. 3 लाख, दोन वर्षं आणि वर व्याज, हे त्या सवलतीत बसत नाही. म्हणजे चूक समितीवर येण्याआधीच झालेली आहे, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण याच नियमात पुढे असंही आहे की नेमणुकीमुळे किंवा बदलीमुळे असा पेच उभा राहिला तर ताबडतोब कळवावं आणि आदेश येईल तसं वागावं. तुमच्यासाठी आज हीच वाट मोकळी आहे. सगळं सांगा, व्याजासकट.

आणि ‘मेहुणा कुटुंबात येत नाही’ या वाक्यावर विसंबू नका. 2014 साली नियम 3 मध्ये भर पडली. आपल्या सरकारी कामाशी संबंध येणारे खाजगी हितसंबंध जाहीर करायचे आणि पेच सार्वजनिक हित जपलं जाईल अशा रीतीने सोडवायचा, हे तेव्हापासून कर्तव्यच आहे. तिथे कुटुंबाची अट नाही.

रजेबद्दल मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण हा मार्ग मी जवळून पाहिलाय. आमच्या कार्यालयात एक सहकारी होते, कामाला चोख. त्यांच्या नात्यातल्या एका फर्मची निविदा आली. त्यांनी साहेबांना तोंडी सांगितलं, साहेब म्हणाले बरं, आणि निविदा उघडायच्या दिवशी ते रजेवर राहिले. काम त्याच फर्मला मिळालं, दरही सगळ्यांत कमी होता. पुढे साहेबांची बदली झाली. काही वर्षांनी तक्रार झाली आणि दक्षता विभागाने फाईल मागवली. फाईलमध्ये काय होतं? सामानाचे तपशील आणि पात्रतेच्या अटी ज्या नोटशीटवर ठरल्या, तिच्यावर या गृहस्थांची सही. निविदाकारांचे दर शेजारी मांडणाऱ्या तुलनात्मक तक्त्यावर सही नाही. आणि दोन्हींच्या मध्ये एक किरकोळ रजेचा अर्ज, कारण ‘घरगुती काम’. माणसाने एक पैसा घेतला नव्हता, मला आजही खात्री आहे. पण त्या अर्जामुळे प्रकरण लपवाछपवीसारखं दिसायला लागलं. त्यांची निवृत्ती चौकशीच्या सावटाखाली गेली. नातं आहे एवढं सांगणारा दोन ओळींचा कागद फाईलला असता तर ते सहज सुटले असते. निरोपाच्या दिवशी त्यांचा चेहरा पाहिला, तेव्हापासून मी प्रत्येक नव्या माणसाला हे सांगत आलोय.

म्हणून विचार करा, तुमचा हात या खरेदीला कुठे कुठे लागलाय? बहुतेकांना वाटतं की दर उघडतात त्या दिवशीच प्रश्न येतो. प्रत्यक्षात किती वर्षांचा अनुभव हवा, किती उलाढाल हवी, सामानाचा तपशील काय, इथेच अर्धा निकाल लागतो. यातलं काही तुम्ही लिहिलं असेल, अंदाजपत्रक पाहिलं असेल, तर तेही कळवा. तपशील दुसऱ्याकडून तपासून घ्यायचा की निविदाच नव्याने काढायची, ते वरिष्ठ ठरवतील.

पत्र साधं असू द्या. मी असा मजकूर सुचवेन: ‘अमुक निविदेतील अमुक फर्मचे मालक माझ्या पत्नीचे बंधू आहेत. सदर फर्मला मी अमुक तारखेस रु. 3,00,000 व्याजाने दिले असून ती रक्कम येणे आहे. या खरेदीत आजवर मी पुढील टप्प्यांवर काम केले आहे. मला समितीतून वगळून योग्य ते आदेश व्हावेत ही विनंती.’ एवढंच. आपण किती प्रामाणिक आहोत हे त्यात लिहू नका, त्याने पत्र कमकुवत होतं. आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का असलेली पोच घ्या. पत्राची नोंद त्याच खरेदीच्या फाईलला झाली का, हेही विचारा; आस्थापनेच्या, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या कामकाजाच्या फाईलमध्ये पडून राहिलं तर खरेदी तपासणाऱ्याला ते दिसणारच नाही.

दोन गोष्टी मात्र करू नका. एक, घाईघाईने मेहुण्याकडून पैसे परत घेऊ नका. बँकेच्या खात्यावर तारीख उमटते आणि निविदेच्या तोंडावर आलेले 3 लाख त्याच फर्मकडून आलेले दिसतील. आधी कळवा, मग आदेश येईल तसे घ्या. दुसरं, या निविदेबद्दल घरात एक शब्द नको, जेवताना सहज म्हणूनही नाही. मेहुण्याला फक्त एवढं सांगा की सामान्य वित्तीय नियम, 2017 मधल्या नियम 175 नुसार हितसंबंध जाहीर करण्याची जबाबदारी निविदाकारावरही आहे, तेव्हा त्यानेही लेखी कळवावं. तो नाराज होईल. होऊ द्या.

शेअर्सचंही विचारलंत, त्याचं थोडक्यात. वर्षभरातले शेअर्स, म्युच्युअल फंड वगैरेंचे एकूण व्यवहार सहा महिन्यांच्या मूळ वेतनाच्या वर गेले तर कळवावे लागतात, हे 2019 पासून. सतत खरेदी-विक्री म्हणजे नियमाच्या नजरेत सट्टा. आणि संचालकांच्या मित्रमंडळींसाठी राखलेल्या कोट्यातले शेअर्स कुणी देऊ केले तर हात लावू नका, नियम 16 मध्ये त्याचा नावानिशी उल्लेख आहे. राज्य शासनात असणाऱ्यांनी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 बघावेत.

पत्र उद्या कार्यालय उघडताच द्या, आणि लेखी आदेश हातात येईपर्यंत त्या फाईलवर कुठेही सही करू नका.