मुद्दाम बंद पाडलेली गाडी

गेल्या काही वर्षांत यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याच्या माझ्या समुपदेशनाच्या छोट्याशा खोलीत एक प्रश्न इतक्या वेळा विचारला गेला आहे की, आता समोरची व्यक्ती खुर्चीत बसून ‘ताई, हसू नका हं’ असे म्हणाली की पुढचे वाक्य मला आधीच ऐकू येते : ‘या वयात मले कार शिकणं जमंल का?’ हा प्रश्न पन्नाशीच्या ग्रामसेवकाने विचारला आहे, मुलाने जुनी गाडी घेऊन दिलेल्या अंगणवाडी सेविकेने विचारला आहे आणि तीस वर्षे ट्रॅक्टर चालवणाऱ्या एका शेतकऱ्यानेही विचारला आहे. या शेतकऱ्याला वावरात नांगर लावून ट्रॅक्टर वळवताना कधी विचार करावा लागला नव्हता, पण कारमध्ये बसून बसस्थानकासमोरून जायचे म्हटले की त्याच्या तळहातांना घाम सुटत असे. क्लच, गिअर आणि ब्रेक काय असतात हे त्या माणसाला कुणी शिकवण्याची गरज नव्हती, आणि तरीही तो अडला होता. अडचण पायात नसून दुसरीकडे कुठेतरी असावी, अशी शंका मला त्याच्यामुळेच प्रथम आली. मात्र तिचा पूर्ण उलगडा मला एका शिक्षिकेने करून दिला.

त्यांच्या गावात लहानथोर सगळेच त्यांना मॅडम म्हणतात, म्हणून मीही येथे तेच म्हणते. ओळख पटू नये यासाठी काही तपशील मी बदलले आहेत. मॅडमचे वय सत्तेचाळीस होते आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांची बावीस वर्षे नोकरी झाली होती. मुलगा पुण्याला नोकरीला, घरी त्या आणि त्यांचे पती. पतींना मधुमेह असून डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना रात्री गाडी चालवण्यास मनाई केली होती. एका रात्री त्यांची साखर एकदम खाली गेली. गाडी अंगणात उभी होती, किल्ली खुंटीला होती, आणि मॅडम शेजाऱ्याचे दार वाजवत होत्या. यवतमाळ चाळीसेक किलोमीटर दूर आणि संध्याकाळनंतर एसटीचा भरवसा नाही, अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसाला या प्रसंगाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

शिकण्याची खटपट त्यांनी केली होती. लर्निंग लायसन्स काढले होते, पण ते सहा महिनेच चालते, आणि ती मुदत कपाटात पडल्यापडल्याच संपून गेली होती. दुसरे काढून त्यांनी ड्रायव्हिंग क्लासचे एकवीस दिवसही पुरे केले होते. क्लासच्या गाडीत त्या बऱ्या चालवत. घरच्या गाडीत बसल्या की अंगणाबाहेर निघेपर्यंत ती तीनदा बंद पडे.

‘पाय ऐकतच नाही माहा,’ त्या म्हणाल्या. ‘डोक्याले सगळं समजते, पायाले समजत नाही.’

येथे मला माझी एक चूक कबूल केली पाहिजे. पहिल्या भेटीत मी त्यांना, अनेकांना सांगते तसे, गाडीत बसण्यापूर्वी पाच मिनिटे संथ श्वास घेण्याचा सराव सांगितला. पंधरा दिवसांनी त्या परत आल्या आणि शिक्षिकेला शोभेल अशा गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, ‘श्वास आता चांगला चालते ताई. गाडी नाही चालत.’

त्यानंतर मी उपाय सांगणे थांबवले आणि एकच प्रसंग, अगदी कणाकणाने, सांगायला लावला. गुरुवारचा बाजार होता. बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेचे रूळ जेथे रस्ता ओलांडतात तेथे थोडा उंचवटा आहे, त्या उंचवट्यावर गाडी बंद पडली. मागे ऑटो होता आणि त्याने हॉर्न वाजवला. डाव्या बाजूला भाजीची थैली घेतलेली एक बाई उभी राहून पाहत होती. तिचा मुलगा मॅडमच्या वर्गात होता.

‘ती बाई काही बोलली?’

‘नाही.’

‘मग तुम्ही काय ऐकलं?’

त्या बराच वेळ पदराच्या टोकाची घडी घालत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘जिले गाडी सुरू करता येत नाही, तिनं माह्या पोट्ट्याले का शिकवलं असंन.’

एवढे एक वाक्य मिळायला तीन भेटी लागल्या होत्या. क्लासमध्ये शिकवणारा तरुण हा त्यांचाच जुना विद्यार्थी, ज्याच्याकडून त्यांनी तिसरीत पाढे पाठ करून घेतले होते, हेही त्याच वेळी कळले. तो त्यांना रागावत नसे. त्यांची चूक होण्याआधीच तो आपल्या बाजूचा क्लच गुपचूप दाबून गाडी सावरून घेत असे. शिकवणीच्या गाडीत प्रशिक्षकाच्या पायाखालीही क्लच आणि ब्रेक असतात, ते संकटासाठी; या आज्ञाधारक मुलाने मात्र ते गुरुदक्षिणेसाठी वापरले होते. एकवीस दिवस मॅडमनी स्टिअरिंग धरले आणि गाडी बऱ्याच अंशी त्याच्या पायांनी चालली. ज्यांना ‘क्लासमध्ये जमते, घरी जमत नाही’ असा अनुभव येतो, त्यांनी सर्वांत आधी ही गोष्ट तपासावी, असे मी आता प्रत्येकाला सांगते. प्रशिक्षकाला स्पष्ट विनंती करावी की, धोका नसेल तेव्हा त्याने पाय मागे घेऊन बसावे, आणि पाय लावलाच तर तसे तोंडाने सांगावे.

पुढच्या भेटीत मी मॅडमना मनातले वाक्य कागदावर लिहायला लावले. त्यांनी सुबक अक्षरात लिहिले : ‘मला सर्वांसमोर व्यवस्थित जमलेच पाहिजे.’

‘यातला कोणता शब्द काढला तर वाक्याचं वजन उतरेल?’ मी विचारले.

‘जमलेच मधला च,’ त्या लगेच म्हणाल्या, आणि पुढे सवयीने, ‘शुद्ध शब्दयोगी अव्यय.’

आम्ही दोघी हसलो, पण मला हवे होते ते त्यांनी व्याकरणाच्या एका फटक्यात सांगून टाकले होते. ‘जमावे’ ही इच्छा आहे आणि ती चांगली आहे. ‘जमलेच पाहिजे’ हा हुकूम आहे, आणि हुकूम मोडला की शिक्षा आलीच. माझ्याकडे येणाऱ्या माणसांच्या दुःखाचा मोठा हिस्सा या एका अक्षरात भरलेला असतो असे माझे मत आहे. ते माझे एकटीचे नाही. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास हा विचार उपचारपद्धती म्हणून मांडायला सुरुवात केली, आणि महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी तो रुजवला. माझी सगळी घडण त्याच विचाराची आहे, त्यामुळे माझे डोळे प्रथम तो ‘च’च शोधतात, हे वाचकांनी लक्षात घ्यावे.

तरीही कागदावरचा ‘च’ खोडल्याने गाडी चालत नाही. एलिस स्वतः तरुणपणी मुलींशी बोलायला कमालीचे लाजत असत. एकोणिसाव्या वर्षी ते न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात रोज जाऊन बाकावर बसलेल्या अनोळखी स्त्रियांशी बोलत राहिले आणि शंभरेक स्त्रियांशी बोलून होईपर्यंत थांबले नाहीत. भेटायला येते असे त्यांतली एकच म्हणाली आणि तीही आली नाही. लाज मात्र गेली. ही हकीकत मी मॅडमना सांगितली आणि त्यांच्यासाठी एक काम ठरवले. बाजार समितीच्या आवारात, क्लासच्याच गाडीत, प्रशिक्षकाचे पाय मागे ठेवून, त्यांनी गाडी मुद्दाम वीस वेळा बंद पाडायची होती. रस्त्यावर असे करणे धोक्याचे आणि गैर आहे, म्हणून आवार निवडले. मे महिना होता. कापसाचा हंगाम संपल्यामुळे आवार मोकळे होते, पण फाटकाजवळच्या चहाच्या टपरीवर चार-सहा हमाल सकाळी बसलेले असतात, हे मी आधी पाहून ठेवले होते. बघणारे कुणी नसते तर या कामाला अर्थ उरला नसता.

‘मुद्दाम बंद पाडू? लोक येडी म्हणतीन.’

‘म्हणू द्या असं मी सांगत नाही. म्हणतात का ते मोजून या.’

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेआठलाच त्यांचा फोन आला. आवाज वरच्या पट्टीत होता.

‘ताई, मी मुद्दाम बंद पाडाले गेली, त गाडी बंदच पडेना!’

मी त्यांना सावकाश सांगायला लावले. पहिला गिअर टाकून त्यांनी क्लच सोडायला सुरुवात केली. या खेपेस गाडी बंद पडावी अशीच इच्छा असल्यामुळे घाई नव्हती, पाय हळूहळू वर येत होता. एका जागी बोनेट किंचित उचलल्यासारखे झाले, इंजिनाचा आवाज जड झाला, आणि सपाट सिमेंटवर गाडी ॲक्सिलरेटरशिवाय आपोआप सरकू लागली. दुसऱ्यांदाही तेच, तिसऱ्यांदाही तेच. शेवटी प्रशिक्षकालाच विचारावे लागले, ‘बाबू, बंद कशी पाडतात रे?’ तो म्हणाला, ‘मॅडम, पाय झटकन उचला.’ तसे केल्यावर गाडीने गचका खाल्ला आणि ती बंद पडली. मग वीसचा आकडा पुरा झाला. हमालांपैकी एकाने तिसऱ्या-चौथ्या वेळेला मान वळवून पाहिले होते. नंतर त्याचा चहा आला.

‘म्हणजे बंद पडाले पाय झटकन उचलावा लागते,’ मॅडम म्हणाल्या. ‘मंग बाजारात माहा पाय झटकन काहून उचलल्या गेला?’

हा प्रश्न त्यांनी मला विचारला होता, पण उत्तर त्याच देत होत्या, आणि मी फोन कानाला लावून गप्प राहिले. समुपदेशकाला बोलण्याचे पैसे मिळतात असे लोकांना वाटते. माझ्या मते त्या साऱ्या भेटींत सर्वांत जास्त मोल त्या अर्ध्या मिनिटाच्या गप्प राहण्याला द्यावे. ‘हॉर्न वाजला,’ त्या म्हणाल्या, ‘मंग मले त्या बाईचा विचार आला, अन् मंग पाय उचलल्या गेला.’ हॉर्न आणि पाय यांच्यामध्ये एक विचार उभा असतो, हे मी त्यांना महिनाभर सांगत होते आणि त्या मान डोलावत होत्या. आता ते त्यांच्या पायाला कळले होते.

मलाही त्या सकाळी नवे काही मिळाले. मी ते काम लाज जावी म्हणून दिले होते. ते शिकण्याचेही उत्तम साधन ठरेल, हे माझ्या लक्षात आले नव्हते. चूक टाळण्याच्या धडपडीत ती नेमकी कोठे सुरू होते हे माणसाला कधी दिसत नाही. ठरवून चूक करायला बसले की तिची हद्द बोटाने दाखवता येते. गाडी शिकवणारे ज्याला हाफ क्लच म्हणतात ती जागा एकवीस दिवसांत मॅडमना सापडली नव्हती, ती एका सकाळी सापडली. त्यानंतर ट्रॅक्टरवाल्या शेतकऱ्यासह आणखी काही जणांना मी हेच काम दिले, आणि बहुतेकांना ते लागू पडले.

बहुतेकांना म्हणते, कारण सगळ्यांची भीती एका जातीची नसते. ज्याने अपघात पाहिला वा भोगला आहे आणि आजही ज्याला त्याची स्वप्ने पडतात, त्याला हा उपाय सांगू नये. त्याची काळजी वेगळ्या रीतीने आणि तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यावी लागते. गाडीत नसतानाही छातीत धडधड होत असेल, चक्कर येत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे. शिवाय काही भीती जपून ठेवण्यासारखी असते. हंगामात मागे दिवा नसलेली कापसाची बंडी, म्हणजे बैलगाडी, रात्री अचानक समोर येते, पहाटे रोही, म्हणजे नीलगाय, रस्त्यात उडी घेते, पावसात डांबराच्या कडेची काळी माती चाक ओढून घेते. यांची भीती वाटणाऱ्याला मी शहाणा म्हणते. नव्याने शिकणाऱ्याने हे दोन हिशेब वेगळे मांडावेत : कशामुळे जीव जाऊ शकतो, आणि कशामुळे फक्त मान खाली जाते. पहिल्यासाठी वेग कमी करावा आणि अंतर राखावे. दुसऱ्यासाठी गाडी बंद पडली की ब्रेक दाबावा, हँडब्रेक ओढावा, गिअर न्यूट्रलला आणावा आणि पुन्हा किल्ली फिरवावी. मागच्याचा हॉर्न हा त्याचा प्रश्न आहे. त्या हॉर्नमुळे आपली घाई वाढू देऊ नये. आणि शक्य असेल तर पहिला महिना नवरा, बायको किंवा मुलगा यांच्याकडून शिकू नये. बाजूला लायसन्सधारक माणूस असणे कायद्याने आवश्यक आहे. तो घरचाच असावा असे कायदा म्हणत नाही.

मॅडमनी जुलैमध्ये पक्क्या लायसन्सची परीक्षा दिली आणि उत्तीर्ण झाल्या. दिवाळीनंतर एका संध्याकाळी त्या पतींना तपासणीसाठी यवतमाळला घेऊन गेल्या आणि अंधार पडल्यावर स्वतः गाडी चालवत परतल्या. वाटेत माझ्याकडे थांबल्या तेव्हा त्यांनी सांगितले की, रुळांच्या उंचवट्यावर गाडी पुन्हा एकदा बंद पडली होती. डावीकडे कोण उभे होते, असे मी विचारले. त्यांनी थोडा विचार केला आणि पाहिलेच नाही म्हणाल्या.

मग त्यांनी बाहेर गाडीत बसलेल्या पतींकडे बोट दाखवले आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, ‘ताई, आता यायच्यासाठी एक वेळ द्या. हे बाजूले बसून सारा रस्ता ब्रेक दाबत येतात.’